पडलेल्या इमारतीतून माणसं काढायचं प्रशिक्षण: सहा दिवसांत आधी काय शिकवू?

शिट्टीवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अग्निशमन दलात अकरा वर्षं काढली. आग, लिफ्टमध्ये अडकलेले, गाडीच्या पत्र्यात चेमटलेले ही रोजची कामं. कोसळलेल्या इमारतीवर मात्र दोनदाच गेलोय, तेही वरचे सांगतील ते उचलणारा म्हणून. आता चोवीस स्वयंसेवक माझ्या गळ्यात पडलेत आणि हातात सहा दिवस आहेत.

वेळापत्रक केलंय ते असं: पहिला दिवस भाषणं आणि स्लाइड. दुसरा-तिसरा कटर, ब्रेकर, जॅक. चौथा दोर आणि स्ट्रेचर. पाचवा शोध. सहावा परीक्षा. कागदावर छान दिसतं, पण रात्री पडल्या पडल्या वाटतं की हे कुठेतरी उलटं आहे. ही मुलं उत्साही आहेत, अंगात ताकद आहे, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

दोन प्रश्न. आधी काय शिकवावं? आणि सरावासाठी ढिगारा कसा उभा करावा, म्हणजे सरावातच कुणी गाडलं जाणार नाही?

---

लोखंडी

मशिनवर जास्तीत जास्त वेळ द्या. सळई कापणारा कटर आणि काँक्रीट फोडणारा ब्रेकर हातात बसायला दोन दिवससुद्धा कमीच पडतात. आणि एक थर्मल कॅमेरा मिळवा कुठून तरी, ढिगाऱ्याखालचा माणूस लगेच दिसेल. बाकी सगळं माणूस जागेवर शिकतो.

---

जुना घण

लोखंडीभाऊ, थर्मल कॅमेऱ्याला स्लॅबच्या आरपार दिसत नाही. त्याला पृष्ठभागाची उष्णता दिसते. उन्हात तापलेला स्लॅब तो तुम्हाला तापलेला स्लॅब म्हणूनच दाखवणार. फट असेल, आत सरळ नजर जात असेल तरच त्याचा उपयोग. एका कोर्सला मुलांनी त्यावर विसंबून अख्खा तास घालवला होता, म्हणून आधी हे सांगून टाकलं.

शिट्टीवाले, तुमचं वेळापत्रक उलटंच आहे. एकोणीस वर्षं हेच शिकवत होतो, आता निवृत्त. माझ्या पद्धतीने सांगतो, पटेल तेवढं घ्या.

पहिले दोन दिवस मशिनच्या पेट्या उघडू नका. मुलाच्या हातात ब्रेकर दिला की पहिले त्याचे कान जातात. तो फोडत सुटतो, आणि दोन फुटांवर कुणी कण्हत असलं तरी त्याला पत्ता नसतो. नंतर त्याला थांबायला शिकवणं महाकठीण. आधी थांबायला शिकलेल्याला मशिन शिकवायला मात्र दीड दिवस पुरतो, हा माझा अनुभव.

म्हणून पहिल्या सकाळी शिट्टी. एक लांब, साधारण तीन सेकंदांची: सगळं थांबव, गप्प राहा. तीन छोट्या: असशील तिथून बाहेर पड. एक लांब आणि एक छोटी: पुन्हा कामाला लाग. हे माझे इशारे नव्हेत. 1988 च्या आर्मेनियातल्या भूकंपात देशोदेशींची पथकं धावून आली, पण एकाचा मेळ दुसऱ्याला नाही, अशी गत झाली. त्यातून 1991 साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली इन्साराग हा शोध-बचाव पथकांचा गट उभा राहिला, आणि हे इशारे त्यांच्याच नियमावलीतले. शेजारच्या ढिगाऱ्यावर कुठल्याही भाषेचं पथक असू दे, शिट्टी सगळ्यांना कळते.

पाठ करून घेऊ नका, अंगात मुरवा. मुलं बुटाची नाडी बांधतायत, पाणी पितायत, गप्पा मारतायत, अशा वेळी तीन छोट्या वाजवा आणि ठरलेल्या जागी डोकी मोजा. पहिल्या दिवशी कुणीतरी हमखास हातोडा घ्यायला परत जातो. त्याला रागावू नका. पुढच्या वेळी डोकी मोजायचं काम त्याच्याकडे द्या.

मग हाक आणि कान. चार-सहा जण ढिगाऱ्याभोवती उभे करा. लांब शिट्टी झाली की जनरेटर बंद, फोन बंद, कुजबुज बंद. एकानेच हाक द्यायची: 'आम्ही मदतीला आलोय. ऐकू येत असेल तर पाच वेळा ठोका.' मग गप्प. मनात वीस मोजेपर्यंत कुणी पायसुद्धा हलवायचा नाही. नवख्या माणसाला हे वीस आकडे संपता संपत नाहीत. सातव्या-आठव्यालाच कुणीतरी 'काहीच नाही' म्हणतो आणि सगळं वाया घालवतो. आवाज आला तर ज्याला जिथून वाटला त्याने तिकडे फक्त हात करायचा. हात जिथे एकमेकांना छेदतात तिथे खूण. मग जागा बदलून पुन्हा. काँक्रीट आणि सळईतून आवाज वाकडातिकडा फिरतो, एका जागेवरून ऐकलेल्यावर भरवसा नको.

मुलं विचारतील, एवढं थांबायचं कशाला, तोवर माणूस मरेल. त्यांना मेक्सिको सिटीचा 1985 चा भूकंप सांगा. तिथे साध्या नागरिकांनी, कुठलंही प्रशिक्षण नसताना, आठशेच्या आसपास माणसं जिवंत बाहेर काढली. स्वयंसेवकांच्या कोर्समध्ये हा आकडा सांगतात आणि लगेच दुसराही सांगतात: त्या पंधरा दिवसांत यातले शंभरेक स्वयंसेवक स्वतः मेले. पहिला आकडा ऐकून मुलांची छाती फुगते. दुसरा सांगितल्यावर थोडा वेळ काही बोलू नका.

दुसरा दिवस लाकडाचा. चार इंची चौकोनी ठोकळे, पाचरी आणि जॅक, बस. त्याआधी एक गणित फळ्यावर सोडवून घ्या. 3 मीटर बाय 3 मीटरचा स्लॅब, जाडी 12.5 सेंटिमीटर. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण 2,400 किलो. उत्तर येतं 2,700 किलो. म्हणजे खोलीच्या छताचा एक तुकडा पावणेतीन टनांचा. आपण दहा जण मिळून उचलू म्हणणारा मुलगा यानंतर गप्प बसतो.

ठोकळ्यांची चवड रचायची ती दोन आडवे, त्यावर दोन काटकोनात, अशी. टोकं कोपऱ्याच्या बाहेर निदान चार इंच आली पाहिजेत, नाहीतर वजन आलं की कड फाटते. जमीन भुसभुशीत असेल तर तळाचा थर सलग भरायचा. उंची किती? पुस्तकं रुंदीच्या तिप्पट म्हणतात. मी मुलांना दीडपटीच्या वर जाऊ देत नाही, कारण पुस्तकातला ढिगारा हलत नाही. लाकूड मऊ जातीचं घ्या. ते तुटण्याआधी करकरतं, दबतं, सांगून जातं. चांगल्या मऊ लाकडाची अशी एक चवड दहा टनांच्या आसपास वजन पेलते, आणि पेलवेनासं झालं की आवाज करते.

ठोकळा सरकवताना बोटं बाजूने. वर नाही, खाली नाही. शेवटचे चार इंच दुसऱ्या ठोकळ्याने ढकलायचे. हे मी दिवसात शंभरदा बोलायचो, मुलं मागून नक्कल करायची. करू देत.

आणि 'एक इंच उचल, एक इंच भर'. हे मी कसं शिकलो ते सांगतो. उमेदवारीत असताना सरावाच्या मैदानावर स्लॅब उचलायची पाळी माझी होती. सगळे बघत होते. जॅक झकास चालत होता, म्हणून मी एका दमात चार-पाच इंच उचललं, म्हटलं ठोकळे मग भरू. जॅकखालची पट्टी थोडी तिरकी बसली होती. जॅक सटकला, स्लॅब खाली. खाली जुन्या डांगरीत रेती भरून केलेला पुतळा होता. आमचे उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. मला पुतळा ओढून काढायला लावला, फुटपट्टी दिली आणि म्हणाले, छाती मोज. सकाळी भरताना नऊ इंच होती. आता साडेतीन. तो आकडा मला माझ्याच हाताने वहीत लिहायला लावला. ती वही अजून आहे.

तुम्हीही पुतळा रेतीचाच करा. कापसाच्या पुतळ्याला काही होत नाही.

सरावाच्या ढिगाऱ्याबद्दल रात्री लिहितो, चष्मा सापडत नाहीये.

---

ओळंबा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण मुलांनी ढिगाऱ्याकडे बघायचं कसं हेही शिकलं पाहिजे.

इमारत कशी पडली यावर पोकळी कुठे उरली ते ठरतं. स्लॅबची एक बाजू खाली आली आणि दुसरी भिंतीला टेकून राहिली, तर त्या उभ्या भिंतीच्या पायथ्याशी त्रिकोणी जागा मिळते. स्लॅब मधोमध मोडून खाली आला तर दोन्ही भिंतींशी एकेक. मजल्यावर मजला बसत थप्पी झाली तर जागा फार कमी, जी असते ती पलंग, कपाट, कारखान्यातलं मशिन अशा दणकट वस्तूंच्या आधाराने. चौथा प्रकार सगळ्यात फसवा: एका बाजूची भिंत गेलीय आणि मजले नुसते हवेत लोंबतायत. खाली जागा ऐसपैस दिसते, मुलं सरळ आत शिरतात. तिथे टेकू दिल्याशिवाय पाऊल नको.

शोधाचा क्रमही यावरूनच. प्रशिक्षणात एक ढोबळ हिशोब देतात: जखमींपैकी निम्मे वरच्यावरच असतात, तीसेक टक्के सामानाखाली किंवा हलक्या पडझडीखाली अडकलेले, पंधराएक टक्के पोकळ्यांमध्ये आणि पाचेक टक्के पूर्ण गाडलेले. तुमचे चोवीस जण पहिल्या दोन गटांचं काम नीट करू शकले तरी पुष्कळ. त्यांना पोकळ्यांत घालायची घाई करू नका.

इमारत हलतेय का हे बघायला महागडं यंत्र नसेल तर ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, टांगा आणि खाली टोकाशी खूण करा. तड्याच्या आरपार पेन्सिलने दोन आडव्या रेघा मारा, वेळ लिहा. दर अर्ध्या तासाने रेघा जुळतायत का बघायचं. याच कामाला एक माणूस वेगळा ठेवा. त्याने ढिगाऱ्याला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

---

रात्रपाळी

मी इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. तुमच्या वेळापत्रकात एक गोष्ट कुठेच दिसली नाही, म्हणून लिहितेय.

मांडीवर बीम पडून पाच तास अडकलेला माणूस. बोलतोय, पाणी मागतोय, नाव-गाव नीट सांगतोय. तुम्ही बीम उचलता, सगळे टाळ्या वाजवतात, आणि थोड्याच वेळात त्याचं हृदय बंद पडतं. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. दाबलेल्या स्नायूंच्या पेशी मरतात, त्यांतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन तिथेच तुंबून असतं. दाब निघाला की ते रक्तात सुटतं. पोटॅशियम हृदय थांबवतं. त्यातून वाचला तर मायोग्लोबिन पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी करतं. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी अशा रुग्णांचं बारकाईने वर्णन करून 1941 मध्ये ते प्रसिद्ध केलं. ढिगाऱ्यातून बरी दिसणारी माणसं काढली आणि ती काही दिवसांनी गेली, असे ते रुग्ण होते.

उपाय सुटकेच्या आधी सुरू होतो. मोठ्या माणसाला सलाईन, साधारण तासाला एक लिटर, दाब काढण्याआधीच. साधं नॉर्मल सलाईन. पोटॅशियम असलेलं, म्हणजे रिंगर लॅक्टेट वगैरे, नाही. हे काम वैद्यकीय माणसाचं, तुमच्या स्वयंसेवकांनी सुईला हात लावायचा नाही. पण दोन गोष्टी त्यांनीच करायच्या. एक, इमारत कधी पडली आणि या माणसापर्यंत आपण कधी पोचलो ती वेळ लिहायची. दोन, हात-पाय-मांडी दबलेली असेल तर शेवटचा जॅक मारण्याआधी थांबून आम्हाला बोलवायचं. चार तासांच्या वर दबलेला असेल तर धोका पक्काच धरा, पण त्याहून कमी वेळातही हे होऊ शकतं. रस्ता मोकळा झालाय, पोर समोर दिसतंय आणि डॉक्टर यायला दहा मिनिटं आहेत, ही दहा मिनिटं कशी काढायची याचा सराव घ्या. आमच्याकडे पोचलेले काही जण ही दहा मिनिटं न मिळालेले होते.

---

जुना घण

चष्मा डोक्यावरच होता.

डॉक्टरबाई, मी शिकवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं हे मलाच कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या काळात आम्ही किती जणांना घाईने उचललं असेल, त्याचा विचार करत नाही.

आता सरावाचा ढिगारा. खऱ्या पडक्या इमारतीत सराव घेऊ नका, कुणी कितीही फुकट देऊ दे. ह्यूम पाइप, म्हणजे गटाराला वापरतात ते सिमेंटचे मोठे पाइप घ्या, वाकडेतिकडे जोडा, वर फोडलेले स्लॅबचे तुकडे, दारं, लाकडी पॅलेट रचा. वजन पाइपावर येतं, पोरांवर नाही. आत अंधार, वळणं आणि अडगळ मिळते, बाकी कशाची गरज नाही. तोंडाशी पेट्रोल-डिझेलवर चालणारं काहीही ठेवू नका, धूर पाइपात भरतो आणि कळतसुद्धा नाही. हवा मोजायचं यंत्र आणा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली गेला तर कुणीही आत जायचं नाही. धुळीसाठी रुमाल चालणार नाही, नीट बसणारा मास्क हवा. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते ती कायमची.

आणि प्रत्येकाला एकदा अडकलेला माणूस करा. पाऊण तास, डोळ्यांवर काळी पट्टी, पाइपाच्या टोकाला. श्वानपथक ओळखीचं असेल तर त्यांनाही बोलवा. कुत्र्याला सारखं काहीच सापडलं नाही तर ते हिरमुसतं, म्हणून त्यांना लपायला जिवंत माणसं नेहमीच हवी असतात.

एकदा एक चांगला धडधाकट मुलगा आत होता. बाहेर आला तो रडवेला. मला वाटलं घाबरला. तर म्हणाला, सर, वरून आवाज येत होता, कुणीतरी म्हणालं, 'हा आतला तर मेलाच असेल, आधी चहा घेऊ.' सराव आहे हे त्याला माहीत होतं, बोलणारा त्याचा दोस्त होता, तरीही आत ते ऐकताना त्याचे हातपाय गार पडले. त्या दिवसापासून मी एक माणूस नेमायला लागलो, त्याचं नाव 'बोलणारा'. आवाज पोचला की शेवटपर्यंत त्याने आतल्याशी बोलत राहायचं. नाव विचारायचं. आता ब्रेकरचा आवाज होईल, आता धूळ येईल, आता थोडा वेळ शांत राहणार आहोत पण गेलेलो नाही, हे आधी सांगायचं. खोटं बोलायचं नाही. 'पाच मिनिटांत काढतो' तर अजिबात नाही, आत पडलेला माणूस मिनिटं मोजतो.

मशिन तिसऱ्या-चौथ्या दिवशी. भोक पाडण्याआधी बारीक ड्रिल मारून आत बघा, मग मोठं करा. खाली माणूस असेल तर तुकडे आत पडणार नाहीत अशा बेताने कापायचं. ब्रेकरवर एकाने वीस मिनिटांच्या वर राहायचं नाही. यापेक्षा जास्त मी इथे लिहीत नाही, ते हातानेच शिकायचं.

---

शिट्टीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळापत्रक फाडलं. पेट्यांची किल्ली बायकोकडे दिलीय, ती मागितली तरी देणार नाही.

दोन शंका. एका मुलीला बंद जागेत धाप लागते. तिने स्वतःहून सांगितलं, पण कोर्स सोडायचा नाही म्हणते. आणि सहाव्या दिवसाच्या परीक्षेत नक्की काय बघू? आधी मी घड्याळ लावणार होतो, पुतळा सगळ्यात लवकर काढेल तो गट पहिला.

---

जुना घण

ती मुलगी ठेवा. स्वतःहून सांगितलं म्हणजे बाकी तेवीस जणांपेक्षा ती भरवशाची. तिला ओळंब्याजवळ उभी करा, किंवा तोंडाशी आत-बाहेरची नोंद ठेवायला द्या: कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला. खुणाही तिला शिकवा. आमच्या वेळी जागेवर एक मीटरचा चौकोन असायचा, आत पथकाचं नाव, तारीख-वेळ, वरच्या बाजूला धोके, खाली बेपत्ता किती. माणूस सापडला तिथे इंग्रजी व्ही. हे नीट लिहिणारं कुणी नसेल तर दुसरं पथक तोच ढिगारा पुन्हा उपसत बसतं.

परीक्षेला घड्याळ लावू नका. घड्याळ लावलं की ठोकळे भरायचे राहतात, मी स्वतः केलंय ते. मी असं करायचो: गट पुतळ्यापर्यंत पोचू द्यायचा. शेवटचा अडथळा निघाला, एकाचा हात पुतळ्याच्या खांद्याला लागला, की तीन छोट्या शिट्ट्या. जे लगेच मागे फिरले ते पास. 'फक्त ओढतोच' म्हणून जो थांबला तो नापास, मग बाकी सगळं त्याने कितीही सुंदर केलेलं असो. भांडण होतं यावर, दर वेळी. एक गट तर माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हता.

ह्यूम पाइप किती व्यासाचे घेताय?

---

शिट्टीवाला

60 सेंटिमीटर आणि 90 सेंटिमीटर, दोन्ही मिळतायत. 90 वाले घेऊ का, मुलं जरा मोकळी राहतील?

---

जुना घण

60. आणि प्रत्येक जोडावर वरून उघडणारं झाकण ठेवा, हाताने निघेल असं, स्क्रू नको. झाकणावर ढिगारा रचू नका. पहिल्यांदा पूर्ण पाइपातून तुम्ही स्वतः जा, हेल्मेट घालून, दिवा बंद करून. नंतर इथे लिहा किती वेळ लागला ते.